पानावरचा भात

तीस वर्षे उलटली, पण ते प्रकरण आठवले की अजूनही माझे डोके तापते. तेव्हा मी रेवदंड्याच्या बाजूला एका ठाण्यावर फौजदार होतो.

एका सकाळी पोलीस पाटलाचा निरोप आला : कोळीवाड्यात एका विधवेचा हात मोडला आहे, आणि मोडणारा लपूनसुद्धा बसलेला नाही. जाऊन पाहतो तो खरेच. तिचा शेजारी, चांगला धडधाकट नाखवा, आपल्या ओटीवर जाळे विणत बसलेला.

"तिनं आमच्या घरावर करणी केली, सायेब," तो म्हणाला. "आमी दर्यावरनं येतो, तं रोज ओटीवर तीन पानांवर कुंकवाचा भात!"

पंचनाम्याला पंच मिळेनात. भाताला शिवायला कोणी तयार नव्हते. माझा हवालदारसुद्धा लांबूनच 'लाल भात, पाने तीन' असे लिहून मोकळा झाला. विधवेचा जबाब घेतला. ती एवढेच म्हणत राहिली, "मी न्हाय ठेवला, देवाची आन." आणि मी काय केले? तिलाच दम दिला. खरे सांग, नाहीतर गाव सोड म्हणालो. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

नाखव्याची म्हातारी आई दिवसभर घरीच असे. तिचा जबाब आम्ही घेतलाच नव्हता. कारण काय, तर तिचे स्मरण गेलेले, तिला काय विचारायचे!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी एकटाच गेलो. पाने होतीच. ओटीवर बसून मी भात हुंगला. कुंकू कसले, बोंबलाचे कालवण! एवढे साधे काम आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते. तेवढ्यात म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"जरा सरकून बसा, सायेब. पोरं जेवतात तिथं."

ओटीवर माझ्याशिवाय कोणी नव्हते. "कोणाची पोरं, आजी?"

"काय ठावं. बोलत न्हाईत. पन भुकेली हायेत."

तालुक्याच्या डॉक्टरांना गाठले. ते म्हणाले, स्मरण जाऊ लागलेल्या काही माणसांना नसलेली माणसे दिसतात, अगदी तुम्ही मला दिसता तशी. हे भूत नव्हे, करणी नव्हे, आजार आहे.

मी सगळा वाडा जमवला आणि हे खडसावून सांगितले. वाटले, आता हा गडी विधवेचे पाय धरेल. तो आईकडे बघत दोन पावले मागे सरला.

"म्हंजे चेटकीण आमची आयच व्हय?"

माझा संताप अनावर झाला. हात मोडल्याबद्दल त्याला तिथल्या तिथे अटक केली. जमलेल्यांपैकी एकही जण म्हातारीजवळ जाईना. शेवटी गळ्यात हात बांधलेली ती विधवाच पुढे झाली आणि तिला धरून आपल्या घरात घेऊन गेली.

पुरावा सापडला की अन्याय थांबतो, अशी तोवर माझी समजूत होती. त्या लोकांनी माझा पुरावा मान्य केला आणि फक्त बाई बदलली.