लोकं काय म्हणून राहिले

गोंदियाच्या बाजारात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक काका टीव्ही दुरुस्त करतात. कोणत्याही वस्तूला हात लावण्याआधी तिच्यावर फुंकर मारतात, माझ्या मोबाइलवरसुद्धा. एक जुनी घरगुती विनोदी मालिका नव्याने सुरू झाली, तेव्हापासून रोज दुपारी माझ्याकडे येतात. मालिका स्वतः पाहत नाहीत. "लोकं काय म्हणून राहिले, वाच ना गा," एवढंच म्हणतात.

मी मोबाइलवर मालिकेखालच्या प्रतिक्रिया वाचतो. जुनीच बरी होती. नवी सून फार ओरडते. नवी सूनच मस्त आहे. ते सगळ्यांनाच "बराबर हाय" म्हणतात.

परवा एक वाचली. "ही मालिका बाबांसोबत बघायचो. आज बाबा असते तर खूप हसले असते." लिहिणाऱ्याचं नाव बघून मी थांबलो. नाव त्यांच्याच मुलाचं होतं. तो पुण्याला असतो, सात वर्षांपासून त्यांच्याशी बोलत नाही.

त्यांनी मोबाइल घेतला, फुंकर मारली आणि नावाशेजारचा फोटो डोळ्यांजवळ नेला.

"जाडा झाला," म्हणाले.

"उत्तर लिहून देऊ का, काका?"

"कायले?" मोबाइल परत देत ते म्हणाले. "भिऊन जाईल पोरगा."