वऱ्हाडाच्या वेषात दरोडेखोर

माझ्या लग्नात सीमांतपूजनाला सासुरवाडीची माणसं गोफणी घेऊन आली होती. आरतीचं ताट नव्हतं, हळदकुंकू नव्हतं. कडं या गावाच्या वेशीबाहेर बाभळीखाली आमच्या बैलगाड्या थांबल्या, मी मुंडावळ्या सारख्या केल्या, नवरदेवाला शोभेल इतकी लाज तोंडावर आणली, आणि पहिला धोंडा सूं करत बाशिंगावरून गेला.

आता हे असं का झालं, ते ऐका.

निजामाच्या राज्यात आमच्या शिरूरला शाळा होती ती उर्दू. मी मात्र नगरला, म्हणजे इंग्रजी मुलखात, मामाकडे राहून चार यत्ता मराठी शिकून आलो होतो. त्यामुळे छापील मराठी वाचणारा तरणा माणूस गावात मी एकटाच. (जोशीबुवा वाचायचे, पण पंचांगाबाहेर कशावरही त्यांचा विश्वास नव्हता.) वर्तमानपत्र गावात यायचं ते गणपा कासाराच्या पेटाऱ्यातून. नगरहून बांगड्या आणताना त्या फुटू नयेत म्हणून व्यापारी भोवती रद्दी कोंबायचा. ती रद्दी मी मांडीवर सपाट करून मारुतीच्या पारावर मोठ्याने वाचायचो. मोठ्या अक्षरांतले मथळे तेवढे धड असत. खालचा मजकूर कोणाच्या तरी बांगड्यांबरोबर गेलेला असे. नुसत्या मथळ्याने गावाचं पोट भरत नसे, म्हणून खालचा मजकूर मी तोंडानेच पुरवायचो.

एकदा मथळा निघाला, 'टोळधाड येत आहे.' मी बोटभर टोळाचा हातभर टोळ केला. सगळं गाव पंधरवडाभर पराती बडवत शिवारात बसलं. एक टोळ फिरकला नाही. त्याच वेळी लोकांना माझा संशय यायला हवा होता. उलट ते म्हणाले, "पोरानं टायमावर वाचलं म्हणून टोळ भ्यालं." कौतुकाने माणूस बिघडतो तो असा.

माझं लग्न महिन्यावर आलं असताना गणपाच्या पेटाऱ्यातून तो मथळा बाहेर पडला: 'वऱ्हाडाच्या वेषात दरोडेखोर.'

पारावरचे सगळे पुढे सरकले.

"आन् खाली काय लिव्हलंय बे?" म्हादबा धनगराने विचारलं. टोळांच्या वेळी सगळ्यात मोठी परात त्याचीच होती.

खाली बांगडीचा गोल डाग होता. मी तो डाग वाचून दाखवला.

"आधी सोयरीक जमिवत्यात. सुपारी फोडत्यात. पोरीच्या बापाशी लई गोड बोलत्यात. मंग वऱ्हाड घेऊन येत्यात आन् घर धुऊन नेत्यात."

"म्होरक्या कोण?"

"नवरदेवच."

"दिसायला कसा हाय?"

इथे मात्र पंचाईत झाली. समोर बसलेल्या कोणाशी वर्णन जुळलं असतं तर मार बसला असता. मला न मारणारा असा पारावर एकच माणूस होता. मी त्याचं वर्णन केलं. "उंच, वाळका, लांब नाकाचा. डाव्या गालावर तीळ."

गंमत बघा, माझ्याकडे कोणी मान वळवूनही पाहिलं नाही. पेपरात आलेला माणूस आपल्या गावचा असेल हे कोणाच्या डोक्यात येतच नाही. गणपा कासार मात्र पेटारा बांधता बांधता सगळं ऐकत होता, आणि तीन आठवड्यांनी तो कड्याला गेला. नवरीचा चुडा भरायला. माझ्याच नवरीचा. चुडा भरताना गप्प बसणाऱ्या कासाराला बायका दुसऱ्यांदा बोलवत नाहीत, त्यामुळे गणपाने ती बातमी आणखी फुगवून सांगितली असणार.

तर आता पुन्हा त्या बाभळीखाली या. गोफणवाल्यांच्या पुढे नवरीचे मामा होते, हैबतमामा. मिशा अशा, की आधी त्या यायच्या आणि मागून मामा.

"थांबा तितंच. कोण हाय?"

"शिरूरचं वऱ्हाड हाय," आमचे आबा म्हणाले.

"ते दिसतंयच. हुबेहूब वऱ्हाड." मामा गावकऱ्यांकडे वळले. "बगा, लेकांनी कायच कमी ठेवलं न्हाई."

एवढ्यात सासरे पुढे आले. आबांना हायसं वाटलं. "व्याही, आमाला वळखलं न्हाई का? सुपारीला तुमच्याच घरी जेवून गेलतो की."

सासऱ्यांनी आबांना वरपासून खालपर्यंत निरखलं. "मेव्हणं, माणूस तर त्योच हाय."

"आसणारच, दाजी. आधी सोयरीक जमिवत्यात, पेपरात आलंय. सुपारीला गोड बोलला का न्हाई ह्यो?"

"लई गोड बोलला."

"मंग? अजून काय पुरावा पायजे?"

आबा जन्मात एकदाच गोड बोलले होते, तेही आईने दम भरला म्हणून. ते असं अंगाशी आलं.

मग झडती सुरू झाली. ताशात हत्यारं असतील म्हणून ताशाचं कातडं फाडलं. लाडवांत काय लपवलंय ते पाहायला लाडू फोडले, आणि फोडून समाधान होईना म्हणून खाऊन पाहिले. माझ्या आत्याच्या ओठावर थोडी लव आहे. मामांनी तिच्यासमोर उभं राहून बराच विचार केला आणि म्हणाले, "ह्यो गडी हाय."

"मुडद्या, जवळ ये, दावते गडी," आत्या म्हणाली. तिचा आवाज ऐकून मामांची खात्रीच पटली.

शेवटी ते माझ्याकडे आले. गोफणीच्या दोरीने त्यांनी माझ्या मुंडावळ्या बाजूला सारल्या.

"तीळ," ते म्हणाले.

"तीळ, तीळ," करत अख्खं कडं मागे सरकलं. पुढच्या क्षणी मी बाशिंगासकट गाडीच्या चाकाला बांधलेला होतो.

तेवढ्यात मांडवातून तिथले जोशी धावत आले. "घंगाळातली घटकेची वाटी बुडत आली. गोरज मुहूर्त टळला तर पुढं सिंहस्थ लागतोय. वर्सभर लगीन न्हाई."

सासऱ्यांचं तोंड पडलं. पोरगी दरोडेखोराला द्यावी की अंगाला लागलेली हळद पुसून तिला वर्षभर घरात ठेवावी, या पेचात ते उभे. मी चाकाला. वाटी घंगाळात.

मी ओरडलो, "गणपाला बोलवा. त्यो मला वळखतो."

मांडवात बायकांना बांगड्या भरत बसलेला गणपा आला. मला पाहून त्याचे डोळे विस्फारले. "आवो मामा, ह्येंनीच तर पेपर वाचलता."

मामा दोन पावलं मागे झाले. "सोताच्या दरोड्याची बातमी सोताच वाचून दावली? काय छाती हाय."

"मामा, खालचं समदं मी मनानं रचलं. त्यो तीळबी."

"म्हंजे तू खोटारडा हाईस."

"व्हय."

"मंग आता खरं बोलतुयास कशावरून?"

मी बांधल्या जागेवरून कोटाच्या खिशाकडे हनुवटी केली.

सुदैवाने तो कागद माझ्या कोटाच्या खिशात होता. (सासुरवाडीला वाचून दाखवीन, चार लोकांत छाप पडेल, असा बेत होता.) लग्नाला आलेल्या पटवाऱ्यांनी तो हातात घेतला. त्यांना मराठी वाचायला मोजकंच यायचं, पण आकड्यांवर हात बसलेला.

"हे इसवी साल हाय," ते म्हणाले. "आपल्या निजामाच्या सरकारी सालाला फसली म्हंत्यात. पाचशे नव्वद वजा करा."

मी आजवर तारखेच्या त्या कोपऱ्याकडे बघितलंच नव्हतं. आमच्या कचेरीचे महिने बहमन आणि खुरदाद; तिथे मार्च म्हणजे काय आणि कधीचा, हे मला विचारणार कोण? पटवाऱ्यांनी बोटं मोडत वजाबाकी केली.

"ह्यो पेपर तेरा वर्साखालचा हाय. नवरदेवाचं वय?"

"गेल्या पोळ्याला एकवीस सरलं," आबा म्हणाले.

"मंग तवा ह्यो आठ वर्साचा."

सगळे मामांकडे पाहू लागले. मामांनी मला लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. त्यांची अजून थोडी आशा होती. शेवटी म्हणाले, "सोडा ह्याला. दरोड्याला अक्कल लागती. ह्याला आठव्या वर्सी नसंल, आताबी दिसत न्हाई."

सासरच्यांचा संशय असा फिटला. पण आमच्याच मागच्या गाडीतून म्हादबा धनगर सावकाश खाली उतरला.

"तेरा वर्साखालचा?" तो म्हणाला. "मंग आमी पराती कावून बडिवल्या बे?"

मी मांडवाकडे पळालो. लोकांना वाटलं, मुहूर्तासाठी.

वाटी बुडायच्या आत लग्न लागलं. ताशा फाटलेला, लाडू संपलेले, माझ्या मनगटांवर दोरीचे वळ. रीतीप्रमाणे मामा नवरीच्या पाठीशी उभे राहिले. एक हात भाचीच्या खांद्यावर, दुसऱ्यात गोफण.

या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली. मामा येतात, जेवतात, माझी चौकशी करतात आणि निघताना स्वतःचा तांब्या तपासून घेतात. मी बायकोला म्हणतो, अजून संशय घेतात बघ. ती चुलीवरून मान वर न करता म्हणते, "मामाचं खरं निघालं आसतं तर लई बरं झालं आसतं. दरोडेखोर निदान घरी येताना कायतरी घेऊन तरी येतो."