बापूमामांची घाटातली मांडी

घाट उतरताना बापूमामा जीपमध्ये मांडी घालून बसत. कीर्तनाला बसावं तशी ऐसपैस मांडी, हात स्टिअरिंगवर, गालात सुपारी. शेजारी बसलेला माणूस मात्र ब्रेक आपल्याकडेच असल्यासारखा दोन्ही पाय रेटून बसे.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. लढाईत आसामच्या डोंगरांतून रसदीचे ट्रक हाकून परतले आणि लष्कराच्या जुन्या गाड्यांच्या लिलावात ही जीप घेऊन बुलढाण्याला आमच्याच घरी राहायला आले. तिच्या गिअरच्या दांड्यापाशी आणखी एक आखूड दांडी होती. ती ओढून पहिला गिअर टाकला की गाडीला बैलगाडीची चाल येई, आणि उतार कितीही असो, इंजिनच तिला धरून ठेवी. घाटमाथ्यावर देवीला हात जोडायचे, आखूड दांडी ओढायची आणि पाय वर घ्यायचे, हा मामांचा नेम. बाकीचे ड्रायव्हर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरत. मामा म्हणत, "हे म्हंजे बैल सोडून द्याचे अन् गाडी उतारावर लोटाची."

आईचा जीव या चालीला विटला होता. "पायी निघालो असतो तं कवाच पोचलो असतो," हे तिचं जीपमधलं एकमेव वाक्य.

माझं लग्न मलकापूरला, मुलाच्या घरी होतं, मुहूर्त गुरुवारी दुपारचा. वडील सामान घेऊन आधीच गेले होते. आम्हीही बुधवारीच निघायचं, पण "जाशील बुधी, येशील कधी" म्हणून आईने मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. म्हणून गुरुवारी सकाळी मामा, आई आणि हळदीने पिवळी झालेली मी, असे तिघे निघालो. सासरे घड्याळाचे कडक. मुहूर्त टळला तर मुलाला पाटावरून उठवीन, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. माझं एक लग्न मोडून झालं होतं. त्यात हा मुलगा मला आवडला होता, आणि हे बोलायची त्या काळी सोय नव्हती.

घाटमाथ्यावर मामांनी ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. गाडी गिअरमध्येच बंद करून खाली उतरले, चाकामागे वाकले, हात धोतराला पुसला, देवीला नमस्कार केला, आखूड दांडी ओढली आणि नेहमीसारखी मांडी घातली.

"आज तरी पाय खाली ठेव रे बापू," आई म्हणाली.

"अक्का, आज पाय खाली ठेवून उपेग नाही."

घाट संपला. सपाटी आली तरी आखूड दांडी जागची हलली नाही. मोताळ्यापाशी एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि वळून बघत राहिला. आईने आपलं वाक्य म्हणणंही सोडलं. मी पदराआड रडत होते. मामांचा मला मनस्वी राग आला होता.

मंडपापाशी मामांनी गिअरमध्येच इंजिन बंद केलं आणि जीप गचका खाऊन थांबली. मुहूर्त टळला होता. सासरे घड्याळ हातात घेऊनच उभे होते. "ऊठ रे," ते मुलाला म्हणाले. मुलगा निम्मा उठला. हे मी त्याला पुढे जन्मभर ऐकवलं.

एवढ्यात थोरल्या दिरांनी वाटेतली जीप बाजूला घ्यायची म्हणून तिचा गिअर काढला. अंगण उताराचं. जीप शांतपणे निघाली, मांडवाचा एक खांब घेऊन मठ्ठ्याच्या हंड्यावर जाऊन टेकली.

"बिरेकच नाही याले," दीर म्हणाले.

"नाही," मामा म्हणाले. "घाटावरच गेला. नळी फुटली."

आईने जीपकडे बघून हात जोडले.

"मंग बोलले काऊन नाही?" सासऱ्यांनी विचारलं.

"सांगतलं असतं तं अक्का रडली असती. गाडी तेवढीच हळू आली असती."

"मांगं फिराचं."

"मांगं फिरलो असतो तं मुहूर्त गेलाच होता. पुढं नुसता उशीर होता."

सासऱ्यांनी घड्याळ खिशात टाकलं आणि भटजींना दुसरा मुहूर्त पाहायला सांगितलं. भटजींना भूक लागली होती. मुहूर्त अगदी जवळचा निघाला.

रीतीप्रमाणे अंतरपाटापाशी मामा माझ्या पाठीशी उभे राहिले. माझ्या खांद्यांवर त्यांचे हात होते आणि ते हात कापत होते. घाटात कापले नव्हते. पोटात धरून ठेवलेला राग तिथेच विरघळला आणि मी पुन्हा रडले. लोकांना वाटलं, नवरीच ती, रडणारच.

मामा गेले तेव्हा मी माहेरीच होते. आमच्या दारापासून नदीपर्यंतची वाट उताराची आहे. पोरांनी तिरडी उचलली, ऊन चढत होतं, त्यांचे पाय भराभर पडू लागले. आई इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, उंबऱ्याशी आली आणि म्हणाली, "हळू न्या रे त्याले. उतार हाय."