गुडघ्यासाठी आणलेली बाटली

चूक माझीच. पोंगलच्या सुट्टीत प्रयोगशाळेतला फ्रीज बंद पडला, म्हणून अँटिबॉडीची इवलीशी बाटली बर्फात घालून मी घरी आणली आणि फ्रीजमध्ये कढीलिंबाशेजारी ठेवली. "हे काय गे?" आईनं विचारलं. मी घाईत होते. म्हटलं, "गुडघ्यासाठी आहे, हात लावू नकोस."

त्या 'साठी'नं घात केला.

आईला दोन वर्षांपासून खाली बसता येत नाही. दारात कोलमची रांगोळी काढायची तर उभ्यानं वाकून चार टिंबं टाकते आणि स्वतःवरच चिडते. गुडघ्यातली कूर्चा झिजली. मी नेमका त्याचाच अभ्यास करते: कूर्चा कातरणारी एन्झाइम्स. माझी ती अँटिबॉडी अख्ख्या कूर्चेला ओळखतही नाही, कातरलेल्या टोकालाच जाऊन चिकटते. कुठे किती तुटलं ते दाखवते, बस. थांबवत काही नाही. हे आईला कधी धड सांगितलंच नव्हतं. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या घरच्या मराठीत त्याला शब्द नाहीत, आणि तमिळमध्ये सांगायचा मला कंटाळा.

तिसऱ्या दिवशी बाटली रिकामी. दोन-तीन थेंबच होते. आईनं ते सकाळी तिळाच्या तेलात कालवून उजव्या गुडघ्याला चोळले होते.

मी नको नको ते बोलले. आठवलं की अजून लाज वाटते. किती वाट पाहिल्यावर आलेली बाटली ती! शेवटी मीच साबण-पाणी घेऊन बसले, कारण त्या थेंबांत अँटिबॉडी टिकवायचं, अंगाला न चालणारं रसायन असतं. गुडघा सुजलेला, गरम. वाकवला की आत करकरायचा. इतकी वर्षं मी गुडघ्यांचे काप काचेवर पाहतेय, हा एक कधी हातात घेतला नव्हता.

"रागावू नकोस गे," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्यासाठीच आणलंस आणि सांगायला लाजतेस."

मी पाणी ओतत राहिले.

"पण थोडं बरं वाटतंय बघ. आणखी कधी येईल ते?"

खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "दोन महिन्यांनी."

"मासी, पंगुनी," ती बोटांवर तमिळ महिने मोजू लागली. "म्हणजे चित्रैतल्या नव्या वर्षाच्या दिवशी कोलम मीच काढीन. खाली बसून."