घराबाहेर ठेवलेली पोथी

अण्णा मला सोडायला मंचरच्या स्टँडवर आले तेव्हा त्यांच्या काखेत लाल कापडात बांधलेली पोथी होती. ती त्यांनी घरून आणली नव्हती. आमच्या महाळुंगे पडवळच्या देवळातून ते परस्पर स्टँडवर आले होते. देवळाचं जुनं बांधकाम उतरवायला घेतलं होतं, पोथीच्या कपाटाला जागा उरली नव्हती, आणि घरी नेणं शक्य नव्हतं. भावाभावांच्या युद्धाची ती पोथी. आमच्या घरात तिचं नावही घेत नाहीत, नुसतं 'मोठी पोथी' म्हणतात. ती ज्या छपराखाली राहते तिथले भाऊ वेगळे होतात, अशी समजूत. अण्णांना माझ्याखेरीज दोन मुलगे.

"तू ने दिल्लीला," ते म्हणाले. "पोरीला कसली आलीय वाटणी? तुझ्याकडं ती गप बसंल."

आईने माझ्या कपड्यांच्या बॅगेला हात लावला, पोथीला लावला नाही. एसटी हलली तेव्हा पोथी माझ्या मांडीवर होती.

पावसाळ्याचे चार महिने देवळात पोथी लागायची. एक जण ओवी वाचायचा आणि अण्णा अर्थ सांगायचे. अर्थ म्हणजे बहुतेक वेळा गावातल्याच गोष्टी. "लढाई मैदानात झाली म्हणत्यात. ती आधी घरात झाली व्हती, ताटावर." किंवा, "धाकट्यानं मागायच्या आधी थोरल्यानं द्यावं. मागायला लावलं की दिलेलं बी इख व्हतं." एक नियम मात्र कडक होता. अशुभ प्रसंगावर वाचन थांबवून पोथी बांधायची नाही. पाच भाऊ वनवासाला निघाले आणि पाऊस वाढला, तरी बायका उठत नसत. "अण्णा, त्यांना कुठंतरी निवाऱ्याला पोचवा, मग आमी जातो," असं म्हणून बसून राहत.

दिल्लीत मी बातम्यांच्या डेस्कवर आहे. आलेला फोटो खरा आहे की बनावट, कुठला आहे, त्यातली भिंत, पाटी, सावली काय सांगते, हे पाहणं हे माझं काम. शिफ्ट, मेट्रो, भाड्याचा फ्लॅट, दारावरची डिलिव्हरी. पोथी कपाटात स्वेटरांच्या वर. अण्णा गेल्यावरही गाव माझ्याबरोबर होतं, कारण दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल असे. ओसरीवर सतरंजी, मधे आई, एका बाजूला दादा आणि थोरली वहिनी, दुसऱ्या बाजूला धाकटा बाळू आणि त्याची बायको. पाठीमागे निळी भिंत. भिंत नवी दिसली तेव्हा मी म्हटलं होतं, रंग छान दिलाय. "बाळूनं दिला," आई म्हणाली होती.

डेस्कवर मी हे घर अभिमानाने सांगत असे. दोन भाऊ, एक चूल, कांदा-बटाट्याची एक शेती. दिल्लीतल्या माणसांना ते पुराणातलं वाटे.

यंदा उन्हाळ्यात पुण्यात दोन दिवसांचं काम निघालं. तिसऱ्या दिवशी न कळवता मी मंचरला उतरले. गावाकडे जाणारी एक जीप मिळाली. ड्रायव्हर घोडेगावचा, बोलका. कुणाच्या मळ्यात, असं त्याने विचारलं. मी अण्णांचं नाव सांगितलं.

"कुठं सोडू मग, ताई? थोरल्याच्या दारात का धाकट्याच्या?"

मी म्हटलं, दार एकच आहे.

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तुमी लई दिसांनी आलाव वाटतं," तो म्हणाला, आणि पुढे मळ्यापर्यंत काही बोलला नाही.

निळी भिंत ओसरीच्या मधोमध उभी होती. सिमेंटच्या ठोकळ्यांची, छपरापर्यंत. पुढे ती घरात शिरून स्वयंपाकघराचेही दोन भाग करत गेली होती. अंगणात दोन नळ, दोन तुळशी. दर रविवारी मी जिच्याकडे पाहत होते आणि जिच्या रंगाचं मी कौतुक केलं होतं, ती हीच. मी पायरीवर बसले.

आई गुडघ्यामुळे घरी होती. बाकी सगळे नारायणगावला लग्नाला गेले होते. एकाच लग्नाला, दोन गाड्यांनी.

मोटरीच्या पाळीवरून झालं, असं आईने सांगितलं. पाणी कुणी आधी घ्यायचं. एका हंगामात चूल वेगळी झाली, दुसऱ्यात भिंत आली. आता आई एक महिना इकडे जेवते, एक महिना तिकडे. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. मी विचारलं, मग रविवारी?

"रविवारी तुझा फोन असतो," आई म्हणाली. "मी दोघांना सांगितलंय, पोरगी लांब हाय, तिच्या जिवाला घोर नको. बाळू वळसा घालून इकडं येतो. तेवढं एका सतरंजीवर बसत्यात. बोलत्यात तुझ्याशीच, पर बसत्यात."

मला वाटलं ती आता रडेल. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"शालू, ते यायच्या आत तू नीघ."

मला ऐकू आलं, कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. तुला कळलंय हे त्यांना कळलं, तर रविवारी कशाला येतील? लपवायला काही राहिलं नाही की बसायलाही काही राहणार नाही. तू आलीच न्हाईस.

मी पाणीसुद्धा प्यायले नव्हते. तिने ते दिलं, आणि अजून अंगणाबाहेर थांबलेल्या जीपवाल्याला हाक मारून, कुणाला सांगू नको म्हणून बजावलं.

"मावशी, मी कुणाला आणलंच नाय," तो म्हणाला. "रिकामीच आली गाडी, रिकामीच चालली. भाडं तेवढं भरलेल्या गाडीचं घेतो."

ज्या आईने मला कधी उपाशी बाहेर पडू दिलं नव्हतं, तिने मला माझ्या घरातून परत पाठवलं. स्टँडवर मी बराच वेळ हात बघत बसले. या वेळी त्यांत काही नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी सतरंजी होती, पाचही माणसं होती. बाळूच्या पायांत चपला तशाच होत्या, हे मला प्रथमच दिसलं. कॉल संपत आला तेव्हा मी म्हटलं, अण्णांची पोथी मी फोनवर वाचू का? ती इथे दिल्लीतच राहील.

आईने दादाकडे पाहिलं. मग दादा म्हणाला, "पोथी घरात येत न्हाई ना? मग वाच. आवाजाला कोण आडवतंय."

पोथी सुरू असताना मधेच उठायचं नसतं. अशुभ जागी थांबायचं नसतं. हे आम्हा सगळ्यांना अण्णांनी शिकवलं आहे. दहा मिनिटांचा कॉल लांबत गेला. वहिन्या लसूण सोलायला घेऊन बसू लागल्या. बाळू चपला सतरंजीच्या कडेला काढून बसू लागला. फासे पडले त्या दिवशी तो भिंतीकडे बघत म्हणाला, "थोरल्यानं डावावर लावलं तवा धाकट्यांना इचारलं व्हतं का?"

"धाकट्यांनी तोंड शिवलं व्हतं का?" दादा म्हणाला.

लसणाची सालं हातात तशीच राहिली. चूल वेगळी झाल्यापासून ते एकमेकांशी बोललेलं हे पहिलं वाक्य असावं.

"पुढं वाच गं," आई म्हणाली. "त्यांना अशा जागी ठिवू नको."

भिंत पडलेली नाही. पाळीचं भांडण मिटलेलं नाही. जे माझ्यासारखे गेले त्यांना मी एवढंच सांगू शकते की मागे ठेवलेलं घर जागच्या जागी राहत नाही. जे मागे राहिले त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, ते जाणतात. माझ्यापुरतं घर म्हणजे आता निळ्या भिंतीला टेकून अंथरलेली एक सतरंजी, आणि ती अंथरली जावी म्हणून मी सावकाश वाचते. पोथी मोठी आहे.

मागच्या रविवारी मी पोथी बांधत असताना बाळूने फोन हातात घेतला. "ताई, पुढच्या खेपंला येशील तवा त्या घोडेगाववाल्याच्या जीपनं येऊ नको. लई बोलतो तो."

दादा खाली बघून मिशीत हसला. आईने पदर तोंडावर धरला. त्यांना कधीपासून माहीत होतं, हे मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी वेळ तीच ना, एवढंच विचारलं.

"तीच," दादा म्हणाला. "बाळू, सतरंजीचं त्ये टोक धर."