कोनशिलेवरचं माझं नाव

"एक ताली तो बनती है!" स्मारक समितीच्या अध्यक्षांनी माइक माझ्या तोंडासमोर धरला आणि चौकातली सगळी माणसं हसली.

पुतळ्यावरचं कापड नुकतंच ओढलं होतं. वर साडी नेसलेली, मोठं कुंकू लावलेली एक सिमेंटची बाई उभी. दोन्ही पंजे आडवे, एकमेकांवर आपटायच्या बेतात. आमच्या लोकांची टाळी. कोहमाऱ्याकडे जाणारे ट्रकवाले वेग कमी करून बघत होते. एकाने हॉर्न दिला. पुन्हा हशा.

ही टाळी मी सांगितली नव्हती.

मी तृतीयपंथी आहे आणि गवंडी आहे. हे दोन्ही एका माणसात मावतं, हे लोकांना पटत नाही. साडी नेसते म्हणून बापाने घराबाहेर काढलं, तेव्हा मी त्याची गवंडीकामाची थापी उचलून निघाले. आजवर तिच्यावरच पोट भरते. टाळी वाजवून जगणाऱ्या माझ्या बहिणींना मी नावं ठेवत नाही. त्यांना कुणी कामावर घेतलंच नाही.

उन्हाळ्यात स्मारक समितीने मला बैठकीला बोलावलं होतं. तृतीयपंथीयांच्या सन्मानार्थ पुतळा बसणार, तर तुमच्यातलं एक माणूस कागदावर पाहिजे, म्हणाले. खुर्ची दिली नाही. दाराजवळ उभी राहिले. त्यांनी विचारलं, पुतळा कसा असावा? मला वाटलं, खरंच विचारतायत.

मी बौद्ध वस्तीत वाढले. आमच्या पुतळ्याच्या हातात पुस्तक आहे. पुतळा कोणाचा ते सांगायला नको. आई मला कडेवर घेऊन दाखवायची, "त्याइच्या हातात काय आहे ते पाह्य." पुतळ्याचे आधी हात बघायची सवय मला तेव्हापासूनची. म्हणून मी समितीला म्हटलं, "तिच्या हातात थापी द्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सही केली. चौथराही मीच बांधला. भर उन्हात त्याला पाणी मारलं, लेव्हल सूतभर चुकू दिली नाही. वर माझ्यासारखी बाई उभी राहणार म्हणून वेड्यासारखी राबले.

आणि वर ही उभी. खाली चौथऱ्यात काळी कोनशिला. तिच्यावर 'संकल्पना', आणि पुढे माझं नाव.

"टाळी वाजव ना वं," गर्दीतून एक बाई ओरडली. "काऊन लाजून रायली?"

माझे हात उठले. हे लिहिताना लाज वाटते, पण उठले. एवढी माणसं हसायला लागली की हात आपलं ऐकत नाहीत. मग तळव्यांच्या भेगा दिसल्या. त्यांच्यात चौथऱ्याचं सिमेंट अजून होतं. मी हात खाली घेतले.

"माह्या हातात थापी असते, साहेब. मी सांगितलं होतं तुमाले."

अध्यक्षांनी माइकवर हात ठेवला. हळूच म्हणाले, "अवं, थापी देली तं हा पुतळा हिजड्याचा आहे हे लोकाइले कसं समजन?"

रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. ते समजावून सांगत होते.

मी स्टेजवरून उतरले. सत्काराची शाल तिथेच खुर्चीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. भर दुपारी मी घमेलं, सिमेंट, छिन्नी-हातोडी आणि थापी घेऊन चौकात गेले. घोटीव दगडावर सिमेंट धरत नाही, म्हणून माझ्या नावावर आधी छिन्नीने टाके मारून दगड खरबरीत केला. मग तेवढीच एक ओळ लिंपली. लोक जमले, मोबाइल निघाले. समितीतला एक माणूस धावत आला.

"केस होईन तुह्यावर! सरकारी दगड आहे!"

"नाव माहं आहे," मी म्हटलं आणि गिलावा घोटत राहिले.

ठाण्यात नेलं. चार तास बसवलं. तिथेही हेच सांगितलं.

आता नवी कोनशिला येणार म्हणतात. तिच्यावर पुन्हा माझं नाव घालणार, कारण आमच्यातलं एक नाव त्यांना हवंच आहे. घालू द्या. मी छिन्नीला धार लावून ठेवली आहे. त्या बाईच्या हातात थापी येईपर्यंत तिच्या पायाशी माझं नाव राहू देणार नाही. जितके दगड बसवतील, तितके टाके मारीन.