समुद्रातलं निंदण

घाटंजीत माझ्या घरी समुद्र आहे. हे मी आता मुद्दाम असंच सांगते. सुरुवातीला "छोटासा छंद आहे हो" म्हणायची, तरी लोक हसायचे ते हसायचेच. काचेची मोठी टाकी, मिठाचं पाणी, दगड, दोन नारिंगी मासे आणि दगडांवर जिवंत प्रवाळ. शेजारचे काका म्हणाले, "मॅडम, इथं प्यायच्या पाण्याचे वांधे, अन् तुम्ही खारं पाणी पाळून राह्यल्या?" म्हटलं, "तुम्ही कुत्रा पाळता, मी समुद्र पाळते. माझा भुंकत नाही."

त्यातला एक दगड माझ्या फार जिवाचा. त्यावर शर्टाच्या बटणांएवढी हिरवी प्रवाळं दाटीनं उगवलेली. दिवा लागला की उमलायची, मालवला की मिटायची. गेल्या उन्हाळ्यात याच दगडाच्या कडेला मला लाल काहीतरी दिसलं.

लगेच गावभर डॉक्टर तयार झाले. कृषी केंद्रवाल्यानं एक झाकण तणनाशक सुचवलं, आणखी कुणी ब्लिचिंग पावडर. मी रक्त-लघवी तपासायची लॅब चालवते. तपासणीआधी औषध सांगणाऱ्यांचा मला संताप येतो, मग तो दगड असो की माणूस. लाल सगळं सारखं नसतं. जांभळट गुलाबी पातळ थर दगडाला रंग दिल्यासारखा बसतो. तो चांगला, त्याला हात लावायचा नाही. दुसरं बुळबुळीत असतं, नळीनं ओढलं की सायीसारखं सुटून येतं. ते खरं तर शेवाळ नव्हेच, जिवाणू असतात. तिसरं तारेसारखं चिवट, ते खरं शेवाळ. मी चिमटीत धरून ओढलं. वरचं तुटलं, बुड दगडातच राहिलं. म्हणजे तिसरं. सगळ्यांत हट्टी.

आता मावशीबद्दल सांगायला हवं. आई गेल्यावर मला तिनं वाढवलं, लोकांच्या वावरात निंदण करून, तण उपटून. कपाशीच्या ओळीत तिच्या पुढे कुणी जात नसे. आता थकली, माझ्याकडे असते, टाकीसमोर खुर्ची टाकून मासे बघते. एका दुपारी मी लॅबमधून आले, तर बाईसाहेब बाह्या सरसावून कोपरापर्यंत पाण्यात.

"लय कचरा माजला होता व," ती म्हणाली. "म्या सगळा उपटला."

तिचा चेहरा इतका खुललेला की मी तिला हात पुसायला टॉवेल आणून दिला. पण वावरात उपटलेलं तण धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकलं की उन्हानं वाळतं. पाण्यात कुठला धुरा अन् कुठलं ऊन? तुटलेला एकेक तुकडा तरंगत जाऊन दुसऱ्या दगडावर बसला आणि तिथं रुजला. पाहता पाहता टाकीभर लाल झालं. बटणांच्या दगडाला त्यानं चहूबाजूंनी वेढलं, आणि हिरवी तोंडं दिवा लागला तरी मिटलेलीच राहू लागली.

नागपूरच्या ज्या दुकानदाराकडून मी प्रवाळ आणते, त्याला फोन लावला. हात ओले म्हणून स्पीकरवर. सल्ला त्यानं चांगला दिला. मग म्हणाला, "अन् मॅडम, टाकीवर एक पाटी लावा. पाण्यात हात घालू नये. आपल्याशिवाय कोणाचा हात पाण्याले लागलाच नाही पाहिजे."

त्याचं चूक नव्हतं. दुकानात तो सगळ्यांना हेच सांगत असणार. पण मागे मावशी उभी होती. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि आत निघून गेली.

मावशी लहान असताना आमच्या घरानं धर्म बदलला होता. गावच्या विहिरीनं बदलला नव्हता. लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. एकदा तहानेनं तिनं भरल्या बादलीत हात घातला, तर बादली तिच्यासमोर उलटी केली आणि राखेनं घासली. हे तिनं मला एकदाच सांगितलंय, तेही कपाशी वेचताना, मान वर न करता.

दुसऱ्या दिवशी खुर्ची टाकीपासून दूर, दाराशी गेली होती. "माह्या हातानं नासलं पाणी," ती म्हणाली. "मी नाई आता हात लावत."

माझं डोकं फिरलं. शेवाळावर, त्या विहिरीवर, सगळ्यावरच. माझ्या घरात, मी विकत घेतलेल्या मिठाच्या पाण्यापाशी, या बाईनं पुन्हा लांब बसायचं? टाकी मेली तर ती आपल्या हातानंच मेली असं धरून बसेल, हे मला कळत होतं. मी ठरवलं, टाकी जगणार, आणि हिचा हात पाण्यात जाणार.

शेवाळ रुजवलं मावशीनं नव्हतं, तिनं फक्त पसरवलं होतं. मुळात ते आलं कुठून? उन्हाळ्यात नळाचा भरवसा नाही म्हणून मी घरचा फिल्टर बंद ठेवून टाकीत बाजारातल्या थंड पाण्याचे जार ओतत होते. जार तपासला. शेवाळाला लागतं ते खत त्यात भरपूर निघालं. जारवाल्याला सांगितलं, तर तो म्हणतो, "मॅडम, लोक पितेत, त्यायले काही नाही झालं. तुमच्या दगडांचेच नखरे." म्हटलं, नखरे तर नखरे. जार बंद केले, घरच्या फिल्टरच्या जाळ्या बदलल्या, माशांचं खाणं कमी केलं, दिवा कमी वेळ लावला, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी मागवल्या.

मग एका रविवारी टाकीतलंच पाणी घमेल्यात काढलं आणि एकेक दगड उचलून त्यात ठेवला. "मावशी, मले बुड सापडून नाही राह्यलं. हे तं टाकीचं पाणी नोहे, घमेल्यातलं हाय. ये."

बराच वेळ ती आली नाही. मग कण्हत उठली. आम्ही दोघी अंगणात दगड निंदत बसलो, ती चिमट्यानं, मी ब्रशनं. बुडाशी औषधाच्या दुकानातलं, जखमेवर टाकतात ते फेसाचं पाणी थेंब थेंब सोडलं, दगड खळबळून घेतले, तुटलेलं सगळं गटारात. मी एकेक दगड परत टाकीत ठेवत गेले. शेवटी तिच्या हातात बटणांचा दगड राहिला.

"ठेव," मी म्हटलं.

"तू ठेव."

मी हाताची घडी घातली. "मी नाही ठेवत. उघड्यावर मरते ते."

"पोरी, डोकशाले ताप नको देऊ."

मी हलले नाही. दगडावरून पाणी ठिबकत होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं, दगडाकडं पाहिलं, एक सणसणीत शिवी मला दिली आणि हात कोपरापर्यंत टाकीत घातला.

दगड बसला तरी हात बाहेर आला नाही. एक मासा येऊन तिच्या बोटांना ढुशी देऊन गेला. मी रडत होते, ते तिनं पाहिलं नाही किंवा पाहून सोडून दिलं.

"तो नागपूरचा पाटी लाव म्हणे ना?" हात पाण्यात तसाच ठेवून तिनं विचारलं.

"हो."

"लाव मंग. लिही, हात धुवा अन् घाला."

पाटी लावली आहे. लाल अजून पुरतं गेलेलं नाही. महिन्यातून एकदा घमेलं काढावं लागतं. परवा शेजारचे काका पाटी वाचून तसेच माघारी निघाले होते. मावशीनं त्यांना न्हाणीत पाठवून हात धुवायला लावले, अन् मग टाकीत घालायला.